लॉक आहे, लायसन्स आहे, डिस्क घालायला जागा नाही
मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
मराठी अक्षरजुळणीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांचे संचालक,

स. न. वि. वि.

मी तुमची ग्राहक आहे, आणि रोख पैसे मोजून झालेली ग्राहक आहे. इंदूरच्या रामबागेत राहत्या घराच्या पुढच्या खोलीत माझं अक्षरजुळणीचं काम चालतं. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, आरत्यांच्या पुस्तिका, निवृत्त मंडळींचे कवितासंग्रह, आणि सगळ्यांत वेळखाऊ पण मला सगळ्यांत आवडणारं काम म्हणजे कुलवृत्तांत, एकेका घराण्याच्या वंशावळीचं पुस्तक. हे सगळं मी तुमच्यापैकी एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर करत आले. त्याचा खोका, बिल, खोक्यावरचा सिरियल नंबर, यूएसबीत लावायचं लॉक, सगळं माझ्याजवळ जपून ठेवलेलं आहे.

असं असूनही नव्या कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर मला टाकता येत नाही, कारण नव्या कॉम्प्युटरला डिस्क ड्राइव्ह नाही. मदतीसाठी फोन केला तेव्हा पलीकडून उत्तर आलं, "मॅडम, मूळ डिस्क घालूनच इन्स्टॉल करावं लागेल." ड्राइव्ह नाही हे मी सुरुवातीलाच सांगितलं होतं. ते पुन्हा सांगितलं. दुसरीकडे डिस्कची कॉपी काढून पेनड्राइव्हवरून टाकू का, असं विचारलं. तर म्हणे, "कॉपी केलीत तर लायसन्स रद्द होऊ शकतं. त्यापेक्षा नवीन व्हर्जन घ्या ना, ते डाउनलोड होतं. वर्षाची वर्गणी आहे."

फोनवरच्या मुलावर माझा राग नाही. त्याला जे लिहून दिलंय ते तो वाचतो. ते ज्यांनी लिहून दिलं त्यांना हे पत्र. कंपनीचं नाव घेत नाही, कारण या धंद्यातल्या आणखी काही जणांशी बोलले तेव्हा कळलं की खोके वेगवेगळे असले तरी उत्तर जवळजवळ सगळीकडे हेच आहे.

नवा कॉम्प्युटर हौसेनं घेतलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली. माझं जुनं मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हतं. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. काही काळ मी ते मशीन इंटरनेटला न जोडता चालवलं. मग मदरबोर्डनंच निकाल लावला. आरएनटी मार्गावर नवा कॉम्प्युटर घ्यायला गेले तेव्हा दुकानदाराला म्हटलं, ड्राइव्हही बसवून द्या. त्यानं कॅबिनेट फिरवून दाखवलं: पुढून सपाट, जाळीची, ड्राइव्ह सरकवायचा सव्वापाच इंची खणच नाही. "ताई, आता हे असंच येतं," म्हणाला. त्याचं खरं आहे. अ‍ॅपलनं २००८ मध्ये ड्राइव्हशिवायचा लॅपटॉप बाजारात आणला तेव्हा लोक हसले होते. आज ड्राइव्हचा लॅपटॉप शोधून सापडत नाही. खुद्द विंडोज २०१५ पासून खोक्यात पेनड्राइव्हवर मिळू लागलं, आणि आता तर कोणीही मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून ते उतरवून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर घेतो आणि टाकतो. ज्याच्यावर तुमचं सॉफ्टवेअर चालतं ते विंडोज स्वतः डिस्कवरून केव्हाच उतरलं. तुम्ही तेवढे तिथेच बसून आहात.

आता कोणी विचारेल, एवढा अडून बसण्यासारखा काय प्रश्न आहे, दुसरं काहीतरी वापरा. या शहरात मराठीचं काम करणाऱ्याला हे सांगणं सोपं नाही. इंदूरच्या कुठल्याही छापखान्यात देवनागरी फॉन्ट ढिगानं आहेत, पण ते हिंदीचे. त्यांतला 'ल' हिंदी वळणाचा, 'श' हिंदी वळणाचा. 'वाऱ्यावर' लिहायला गेलं की 'र' उडी मारून रफार होऊन डोक्यावर बसतो. हिंदी वाचणाऱ्याला त्यात काही खटकत नाही. माझ्या गिऱ्हाइकाला खटकतं. सत्तरीतले काका प्रूफ हातात घेतात आणि पहिल्या ओळीलाच म्हणतात, "हे आपलं नाही दिसत." तुमच्या फॉन्टमध्ये ही अक्षरं मराठी वळणाची होती, जोडाक्षरं सुबक होती, म्हणून तर जमवाजमव करून ते विकत घेतलं. त्या बाबतीत तुमचे उपकारच आहेत, आणि ते मी मोकळेपणानं मान्य करते. मोठ्या परदेशी कंपन्या मराठीकडे ढुंकून पाहत नव्हत्या त्या काळात तुम्ही एकेक अक्षर बसवलंत.

आता युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, फॉन्टांतही मराठी वळणाची सोय झाली आहे, हे मला माहीत आहे. नवं काम त्यात करता येतं आणि मी करतेही. अडचण जुन्या कामाची आहे. देवनागरी युनिकोडमध्ये अगदी पहिल्या, १९९१ च्या आवृत्तीपासून आहे, पण छपाईच्या धंद्यात ते रुळायला फार उशीर झाला. तोवर तुम्ही प्रत्येकानं आपापली मांडणी केलीत. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचा तुकडा: कुठे काना, कुठे अर्धा 'त', कुठे नुसती वेलांटी. तुमचं सॉफ्टवेअर नसलेल्या मशीनवर माझी फाइल उघडली की पणजोबांच्या नावाच्या जागी कंस, डॉलर आणि रोमन अक्षरांची भेळ दिसते.

माझ्याकडे अशी किती घराणी त्या भेळेत अडकली आहेत म्हणून सांगू? कोकणातून किंवा देशावरून निघालेली, होळकरांच्या चाकरीत इंदूरला आलेली, मग देवास, धार, उज्जैनला पसरलेली. घरातला एखादा माणूस दहा-वीस वर्षं पत्रं लिहून, देवळांतल्या वह्या पाहून वंशवेल गोळा करतो, आणि ते सगळं माझ्याकडे टाइप होतं. कुलवृत्तांताचं काम एकदा करून संपत नाही. दर पिढीला नवी आवृत्ती लागते: लग्नं, जन्म, कोण अमेरिकेत गेलं, कोण वारलं. यंदा अशाच एका घराण्याचं काम पुन्हा आलंय. मूळ माहिती जमवणारे गृहस्थ आता हयात नाहीत. छापील प्रत आहे, पण ती सगळी पानं नव्यानं टाइप करायची म्हणजे गावांच्या आणि माणसांच्या नावांत नव्यानं चुका घालायच्या. त्या फाइली माझ्या मेहनतीच्या आहेत, त्यांतला मजकूर त्या घराण्याचा आहे, आणि त्या उघडायच्या की नाही हे मात्र तुमच्या एका चकतीवर ठरतं. हे मला मान्य नाही.

आता तक्रारी सांगते.

पहिली डिस्कबद्दलच. तुम्ही म्हणाल, बाहेरून लावायचा ड्राइव्ह हजार-दोन हजारांत मिळतो, घ्या की. घेतला. पातळ, यूएसबीवर चालणारा. त्यात तुमची डिस्क घातली, थोडी फिरली, घरघरली आणि मध्येच वाचेनाशी झाली. डिस्क उलटी करून नीट पाहिली तेव्हा लक्षात आलं की ती कारखान्यात साच्यातून काढलेली नाही. खालची बाजू निळसर-हिरवी आहे, वर मार्करनं व्हर्जनचा नंबर लिहिलाय. म्हणजे तुमच्याच ऑफिसात बसून कोणीतरी बर्न केलेली. दोन्हींत फार फरक आहे. कारखान्यातल्या डिस्कवर माहितीचे खड्डे प्लास्टिकमध्येच उमटवलेले असतात. बर्न केलेल्या डिस्कमध्ये ती रंगाच्या एका पातळ थरात असते, आणि तो सेंद्रिय रंग ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी विटत जातो. इंदूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पार जातो. डिस्क कपाटातच होती, पण कपाटही याच गावात आहे. कायमचं लायसन्स म्हणून जे विकलंत, ते काही वर्षांत विटणाऱ्या रंगावर लिहून दिलंत. हे विकताना कोणी सांगितलं नाही.

दुसरी तक्रार: डिस्क बदलून मागितली, तर "त्या व्हर्जनच्या डिस्क आता निघत नाहीत". नाही निघत, ठीक आहे. पण त्या डिस्कवर जे होतं ते तुमच्या कुठल्यातरी सर्व्हरवर, निदान कोणाच्या तरी जुन्या हार्ड डिस्कवर असेलच ना? सीडीत ७०० एमबीपेक्षा जास्त मावत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर २०२२ पासून २ जीबीपर्यंतची फाइल जाते. माझ्या भाचीच्या लग्नाचा व्हिडिओ तुमच्या संपूर्ण सॉफ्टवेअरपेक्षा मोठा होता आणि तो चहा उकळेपर्यंत इंदूरहून नागपूरला पोचला. तुमच्याकडून मात्र मला आलेला सल्ला काय, तर पुण्याला सर्व्हिस सेंटरवर मशीन घेऊन या. रात्रभराचा बसप्रवास करून, कॅबिनेट मांडीवर घेऊन. मराठी वाचणारे, लिहिणारे, छापणारे महाराष्ट्राच्या बाहेरही आहेत हे तुमच्या विक्री विभागाला ठाऊक असतं. सर्व्हिस विभागाला कोणी कळवत नाही असं दिसतं. अखिल भारतीय साहित्य संमेलन १९१७, १९३५ आणि २००१ साली याच गावात भरलं होतं. त्यानिमित्तानं तरी आम्ही नकाशावर यायला हरकत नव्हती.

तिसरी तक्रार मला सगळ्यांत जास्त सलते. तुमचं सॉफ्टवेअर लॉकशिवाय चालत नाही. लॉक यूएसबीत असल्याशिवाय ते उघडतच नाही. काढलं की बंद. म्हणजे मी पैसे दिले आहेत की नाही, याचा पुरावा त्या बोटभर लॉकमध्ये आहे. मग डिस्कवर एवढा पहारा कशासाठी? सेटअपची फाइल उद्या तुम्ही अख्ख्या जगाला फुकट वाटलीत तरी ज्याच्याकडे लॉक नाही त्याला तिचा काडीचा उपयोग नाही. ज्याच्याकडे लॉक आहे त्यानं पैसे आधीच दिलेले आहेत. डिस्कची सक्ती करून तुम्ही चोर अडवत नाही. अडवता फक्त मला. या साध्या प्रश्नाचं उत्तर मला तुमच्या एकाही माणसानं दिलेलं नाही, आणि या पत्रातल्या बाकी कशाचं नाही तरी याचं उत्तर द्यावं अशी विनंती आहे.

चोराचं काय चाललंय तेही ऐका. मशीन बसवायला आलेल्या मुलानं माझी अडचण ऐकली आणि खिशातून पेनड्राइव्ह काढला. "आंटी, टेन्शन मत लो, क्रॅकवाला है, दस मिनिट में डाल देता हूं. लॉक भी नहीं लगेगा." त्याच्या पेनड्राइव्हवर तुमचंच व्हर्जन होतं. डिस्क नको, लॉक नको, फोन नको, वर्गणी नको. मी नको म्हटलं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ब खाली जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी असल्या पेनड्राइव्हवरून आणखी काय काय मशीनमध्ये शिरेल याचा नेम नाही. मशीनवर बाकीच्या गिऱ्हाइकांचं काम असतं, घरचं बँकेचं असतं. पण जरा विचार करा. चोरीचा माल दहा मिनिटांत चालू होतो आणि विकत घेतलेला दारात अडकतो, ही व्यवस्था तुम्ही उभी केली आहे. उद्या एखाद्या नवख्यानं मला विचारलं, ताई, कुठलं घेऊ, तर मी त्याला काय सांगावं?

लॉकच्या ड्रायव्हरचंही, म्हणजे विंडोजला लॉक ओळखता यावं म्हणून टाकायच्या छोट्या प्रोग्रॅमचंही, असंच. चौसष्ट बिटांच्या विंडोजवर डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर चालत नाही, आणि विंडोज ११ बत्तीस बिटांत निघालंच नाही. जुन्या डिस्कवरचा ड्रायव्हर त्या काळचा आहे. काही जुन्या सेटअपचा तर काही भागच सोळा बिटांचा असतो. तो चौसष्ट बिटांच्या विंडोजवर सुरूच होत नाही. म्हणजे माझी डिस्क ठणठणीत असती, ड्राइव्ह मशीनमध्येच असता, तरी गाडी पुढे कुठेतरी अडलीच असती. नवा ड्रायव्हर तुम्ही नव्या व्हर्जनबरोबर देता. तो वेगळा उतरवता येईल असा ठेवायला किती खर्च येतो?

आता लायसन्स रद्द करण्याच्या धमकीबद्दल. धमकी हा शब्द कठोर वाटत असेल तर 'सूचना' म्हणा. ऐकणाऱ्याला भीती तीच वाटते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२(१)(कक) काढून वाचा. इंग्रजी प्रतीत ते ५२(१)(एए) म्हणून सापडेल. संगणक-प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे ज्याच्याजवळ आहे, त्यानं तो ज्या कामासाठी दिला गेला त्याच कामासाठी वापरता यावा म्हणून केलेली प्रत, किंवा मूळ प्रत हरवू-बिघडू शकते म्हणून तात्पुरती राखून ठेवलेली प्रत, हा कॉपीराइटचा भंग नाही. मी दुसऱ्या मशीनवर डिस्कची प्रतिमा (अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल असलेली एकच फाइल) काढून ती माझ्याच पेनड्राइव्हवर घेऊन माझ्याच मशीनवर, माझ्याच लॉकनं चालवणार असेन, तर याहून वेगळं काय करते आहे? २०१२ च्या दुरुस्तीनं कलम ६५अ आलं. त्याप्रमाणे हक्कभंग करण्याच्या हेतूनं तांत्रिक कुलूप तोडणं गुन्हा आहे. मी काही तोडत नाही. कुलूप माझ्या मशीनला लावलेलं आहे आणि त्याचा दिवाही लागतो.

तुमची दुसरी ढाल म्हणजे "आम्ही वस्तू विकत नाही, वापराचा हक्क देतो". बरं. मग हक्क चकतीवरून आला की तारेतून आला याच्याशी त्याचा संबंध काय? हक्क कायम असेल तर तो वापरता येईल अशी वाट देणं तुमचं काम. आणि जर म्हणाल की नाही, आम्ही वस्तूच विकली, वॉरंटी संपली, विषय संपला, तर त्यावरही बोलू. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली सांगितलंय की तयार, पाकीटबंद सॉफ्टवेअर हा माल आहे आणि त्यावर विक्रीकर लागतो. माल म्हटलं की तो विकणाऱ्यानं सांगितलेल्या गुणाचा असायला हवा. 'कायमचं लायसन्स' छापलेल्या खोक्यात विटणारी डिस्क घालणं त्या गुणात बसत नाही. डिस्क बदलून मागितली की ती माल होते, कॉपी करायला घेतली की ती लायसन्स होते. छापा तुमचा आणि काटाही तुमचाच, असं किती दिवस चालायचं?

हे सगळं लिहिताना तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. मराठी छपाईचा बाजार लहान आहे. एकानं विकत घ्यायचं आणि दहांनी वाटून वापरायचं ही आपल्याकडची जुनी खोड आहे, आणि लॉक लावायची पाळी तुमच्यावर त्या खोडीनंच आणली. जुन्या व्हर्जनला जन्मभर फुकट सुधारणा द्या, असं मी म्हणत नाही. नवे फॉन्ट नकोत, नव्या सोयी नकोत. जे विकलंत तेवढंच, जसंच्या तसं, माझ्या मशीनपर्यंत पोचू द्या. वर्षाच्या वर्गणीचं तर मुळीच सांगू नका. दरमहा ठरलेलं काम असलेल्या छापखान्याला ती परवडेल. लग्नसराईत हात भरलेले आणि आषाढात रिकामे, अशा माझ्यासारखीनं वर्गणी भरली नाही की त्या दिवसापासून स्वतःच्याच जुन्या फाइली बंद. एकदा विकत घेतलेल्या गोष्टीचं भाडं भरत बसायला मी तयार नाही.

वाचणाऱ्यांपैकी कोणाची डिस्क अजून शाबूत असेल तर पत्र बाजूला ठेवून त्यांनी आजच एक काम करावं. ड्राइव्ह असलेलं मशीन शेजारी, शाळेत, मंडळाच्या कचेरीत कुठेतरी असतंच. त्यावर डिस्कची आयएसओ प्रतिमा बनवून घ्या. नुसत्या फाइली ओढून घेतल्या तर काही सेटअप "डिस्क घाला" म्हणून अडतात, प्रतिमेत डिस्कचं नावगाव जसंच्या तसं राहतं. विंडोज ८ पासून पुढे त्या फाइलवर दोनदा क्लिक केलं की ती ड्राइव्हमध्ये डिस्क घातल्यासारखी उघडते. विंडोज ७ वर त्यासाठी वेगळा प्रोग्रॅम लागतो. सेटअप आणि ड्रायव्हर आधी टाका, लॉक नंतर लावा. बऱ्याच लॉकांना हाच क्रम लागतो. खोक्यावरच्या सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा, कारण स्टिकरची शाई डिस्कच्याही आधी जाते. आणि बाहेरचा ड्राइव्ह पुढच्या पोर्टवर मध्येच बंद पडत असेल तर मागच्या पोर्टला लावून पाहा. पुष्कळदा डिस्क चांगली असते आणि वीजच कमी पडत असते. माझ्या बाबतीत तेही करून पाहिलं. डिस्कच गेलेली आहे. तुमची वाचेल.

आता मागण्या.

ज्याच्याकडे लॉकचा क्रमांक किंवा सिरियल नंबर आहे त्याला त्यानं विकत घेतलेल्या व्हर्जनचा सेटअप डाउनलोड करता आला पाहिजे. सगळी जुनी व्हर्जनं. त्यासाठी ना वर्गणी, ना 'सर्व्हिस चार्ज'. बिल मागू नका. तुमचे कित्येक विक्रेते दुकानं बंद करून गेले आहेत आणि पावत्यांची शाई उडाली आहे. लॉकचा क्रमांक तुमच्याच वहीत आहे.

लॉकचा विंडोज ११ वर चालणारा ड्रायव्हर वेगळा, उघडपणे उपलब्ध करा. जिथे जुनं व्हर्जन नव्या विंडोजवर चालणं तांत्रिकदृष्ट्या खरोखरच शक्य नसेल तिथे तसं लेखी सांगा, आणि त्या ग्राहकाला जुन्या फाइली युनिकोडमध्ये नेणारं साधन विनामूल्य द्या. हे साधन 'चाचणीपुरतं, पहिली पाच पानं' असं नको. कुलवृत्तांत पाच पानांचा नसतो. जोडाक्षरं, रफार आणि पोटफोड्या 'ष' नीट उतरतील असं हवं. सध्या जी साधनं मिळतात त्यांत 'र्य' आणि 'ऱ्य' यांचा गोंधळ होतो आणि मग 'आचार्य' आणि 'आचाऱ्या' एकाच पंगतीत जाऊन बसतात.

स्वतःच्या वापरासाठी डिस्कची प्रत काढल्यानं लायसन्स रद्द होत नाही, हे मदतकेंद्राच्या माणसांना लेखी कळवा आणि तुमच्या साइटवरही लिहा.

आज जे विकताय त्याच्या खोक्यावर आणि बिलावर मराठीत, वाचता येईल अशा अक्षरांत छापा: ड्राइव्ह लागतो का, इंटरनेट लागतं का, मशीन बदललं तर पुन्हा टाकता येईल का आणि किती वेळा.

आणि एखादं व्हर्जन किंवा कंपनीच बंद करायची वेळ आली, तर दार लावण्याआधी त्या व्हर्जनचं लॉक उठवणारी शेवटची फाइल ग्राहकांना देऊन जा. कंपनी बंद झाल्यावर लॉक बिघडलं तर दुसरं कुठून आणायचं, याचं उत्तर आज कोणाकडेच नाही.

या पत्राचं उत्तर मला एकटीला फोनवर नको. जसं पत्र खुलं आहे तसं उत्तरही खुलं असावं, म्हणजे माझ्यासारख्या बाकीच्यांनाही ते वाचता येईल. महिनाभर वाट पाहीन. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवीन, आणि तिथे भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ग्राहकाला तो राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. तेव्हा या वेळी बसचा प्रवास तुमच्याकडे येईल. 'धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही' हा मुद्दा तुमचे वकील काढतील, हेही गृहीत धरलंय. स्वयंरोजगारातून केवळ आपलं पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्यानं त्यातून वगळलेलं आहे, आणि माझ्याकडे ना नोकर ना भागीदार.

लॉकचा क्रमांक, बिलाची प्रत आणि डिस्कच्या दोन्ही बाजूंचे फोटो संबंधित कंपनीला वेगळ्या मेलनं पाठवले आहेत. कुलवृत्तांताची छपाई त्या घराण्याच्या संमेलनाआधी व्हायला हवी, म्हणून निदान सेटअपची फाइल तरी बाकीच्या मागण्यांची वाट न पाहता आधी पाठवावी.

कळावे,

आपली,
रामबागेतली एक परवानाधारक अक्षरजुळणीकार
इंदूर